दगड संपल्यावर इडार-ओबरस्टाइन कसे टिकले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन या छोट्या गावाचे नाव रत्नांच्या धंद्यात जगभर घेतात. पण तिथले दगड म्हणे दोनशे वर्षांपूर्वीच संपत आले होते. मग धंदा टिकला कसा? आमच्या सिन्नर-संगमनेरकडे विहीर खणली तरी ढिगाने गारगोट्या निघतात, तर इकडे असे गाव का उभे राहिले नाही?"

मी गेली ३१ वर्षे मुंबईत गिरगावात रंगीत खड्यांना पैलू पाडतो. अकीकाचे (थर असलेला गारगोटीसारखा दगड, इंग्रजीत अगेट) कामही पुष्कळ केले आहे. इडारला दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा गेलो कच्चा माल बघायला आणि रमलो तिथल्या जुन्या पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यात. म्हणजे हे उत्तर एका कारागिराचे आहे, आणि कारागिराला जे महत्त्वाचे वाटते त्यावरच मी जास्त बोलणार आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे: जिथे दगड, तिथे धंदा. आमच्या व्यवसायात हे फार क्वचित खरे ठरते. सुरतेच्या आसपास हिऱ्याची खाण नाही, अँटवर्पजवळही नाही. दगड खिशात घालून नेता येतो, हात नेता येत नाहीत. त्यामुळे दगडामुळे एकत्र आलेले हात दगड गेल्यावर पांगले का नाहीत, हे शोधायला हवे. इडारच्या बाबतीत मला त्याचे उत्तर तीन ठिकाणी सापडते: गावातल्या ओढ्यात, ब्राझीलला गेलेल्या गरीब माणसांत, आणि मधाच्या भांड्यात.

आधी दगडाबद्दल, थोडक्यात. इडार-ओबरस्टाइन हे नाहे नदीकाठी, हुन्सरूक नावाच्या डोंगराळ भागाला लागून आहे. आज लोकसंख्या ३० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गाव. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी तिथे लाव्हा पसरला. तो थंड होताना आत वायूचे फुगे अडकले, त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर चढून अकीक तयार झाला. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही हेच घडले, फक्त पुष्कळ उशिरा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तुमच्या विहिरीतली गारगोटी आणि इडारचा अकीक ही चुलत भावंडे आहेत. इडारमध्ये श्टाइनकाउलेनबेर्ग नावाची जुनी अकीकाची खाण आजही आत जाऊन बघता येते. भिंतीत अर्धवट उघडे पडलेले अकीक, स्फटिक, जांभळा अमेथिस्ट दिसतो. खाणीत उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा काय वाटले असेल तर हे, की माल काही फार मोठा नाही. सुंदर आहे, पण एवढ्यावर जगभर नाव होणार नाही.

नाव झाले ते ओढ्यामुळे.

अकीकाची कठिणता मोहज मापावर (खनिजांची कठिणता १ ते १० अंकांत सांगणारे माप) ६.५ ते ७. लोखंडी सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही. असा दगड हाताने चाक फिरवून घासायचा म्हणजे एका मण्याला किती वेळ जाईल याची कल्पना करा. त्या काळी घासायला होते वालुकाश्माचे चाक. वालुकाश्मातले कण कसले, तर क्वार्ट्झचे, म्हणजे जवळजवळ अकीकाइतकेच कठीण. बरोबरीच्या दगडाने बरोबरीचा दगड घासायचा असेल तर दोनच गोष्टी कामाला येतात: चाक मोठे हवे आणि दाब प्रचंड हवा. मोठ्या चाकाला ताकद लागते. ती इडारबाख या ओढ्याने दिली. हा ओढा डोंगरातून उताराने येऊन नाहेला मिळतो, आणि त्या उतारावर एकाखाली एक असे घासणीचे कारखाने बांधता आले. एकाने वापरलेले पाणी खाली दुसऱ्याला मिळायचे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना पाण्याची ही किमया समजावून सांगायला नको. तिथे पीठ दळले जायचे, इथे त्याच पाण्यावर दगड.

तिफेनस्टाइन भागात सतराव्या शतकातला असा एक कारखाना अजून उभा आहे. वायरश्लाइफे त्याचे नाव. तिथे आजही पाण्याच्या चाकावर काम करून दाखवतात. एका लांब आसावर माणसाच्या छातीएवढी उंच वालुकाश्माची चाके, त्यांच्यावर सतत पाण्याची धार. आणि कारागीर बसत नाही, उभा राहत नाही, तो पालथा झोपतो. पोट आणि छाती टेकायला घोड्यासारखे एक लाकडी आसन असते, पुढे-मागे झुकणारे. पाय मागे जमिनीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीला टेकवायचे, पायांनी रेटा द्यायचा आणि अंगाचा सगळा भार हातातल्या दगडावर आणायचा. मला काही मिनिटे तसे पडून दगड धरू दिला. आपण ज्याला मनगटाचे काम समजतो ते तिथे पोटऱ्यांचे आणि पाठीचे काम होते, हे तेव्हा समजले. थंड पाण्याचे तुषार थेट तोंडावर येतात. अंधारलेल्या जागी अकीक चाकावर दाबला की त्याच्या आत लालसर उजेड दिसतो, घर्षणाने क्वार्ट्झ चमकते. इतक्या वर्षांत माझ्या हिऱ्याच्या चकतीवर मी असा उजेड कधी पाहिला नव्हता, कारण आम्ही तेवढा दाब देतच नाही.

याला किंमत होती. ती सांगितल्याशिवाय हा इतिहास सांगू नये. चाक फुटायचे, आणि टनावारी वजनाचे फिरते चाक फुटले तर समोर पडलेला माणूस वाचत नसे. छाती दाबून, ओल्यात, दगडाच्या बारीक कणांत वर्षानुवर्षे काम केलेल्यांची फुप्फुसे जायची. गावाच्या कीर्तीत या माणसांचा वाटा सगळ्यात मोठा आहे आणि त्यांची नावे कुठेही नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक अकीक कमी पडू लागला. चांगला, मोठा, न तडकलेला दगड मिळेना. त्यात नेपोलियनच्या काळातली धामधूम, पुढे १८१७ मध्ये हा भाग दूर उत्तरेकडच्या ओल्डेनबुर्गच्या राजवटीकडे गेला. शेती आधीच जेमतेम. लोक देश सोडून निघाले, आणि त्यातले काही दक्षिण ब्राझीलमध्ये रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात पोहोचले. तिथे १८२७ च्या सुमारास त्यांना अकीक दिसला. मोठमोठे गोटे, शेतात आणि ओढ्यांत उघडे पडलेले. १८३४ मध्ये त्यातला पहिला माल इडारला पोहोचला. पुढे हे दगड जहाजांच्या तळाशी भार म्हणून घालून युरोपात येत राहिले, त्यामुळे वाहतूक परवडली.

इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा इतिहास या एका प्रसंगात आहे. ते गोटे तिथे आधीपासून होतेच. त्यांच्याकडे रोज बघणारी माणसेही होती. पण बाहेरून मातकट, खडबडीत, बटाट्यासारख्या दिसणाऱ्या दगडाच्या आत काय आहे हे ओळखायला ज्याचे बालपण घासणीच्या कारखान्याशेजारी गेले आहे असाच डोळा लागतो. आणि ओळखल्यावर तो दगड पाठवायचा कुठे, हेही त्या माणसाला माहीत होते: घरी, जिथे चाके रिकामी पडली होती आणि भाऊबंद कामाशिवाय बसले होते. ब्राझीलमध्ये त्यांच्याकडे चाके नव्हती, ती फिरवणारी माणसे नव्हती, विकत घेणारे व्यापारीही नव्हते. दगड गावाकडे जाणेच सोयीचे होते. पोट भरायला बाहेर पडलेल्या माणसांनी गावाला नवी खाण मिळवून दिली, आणि ती खाण समुद्रापलीकडे होती.

मी कच्चा माल घेतो तेव्हा हा प्रसंग मला नेहमी आठवतो. तुम्हाला कोणी विचारले की पैलूकाराचे भांडवल काय, तर यंत्राचे नाव घेऊ नका. यंत्र आज पैसे टाकले की येते. दगड न कापता आतला थर कोणत्या दिशेने गेला असेल, तडा कुठे संपत असेल, हे हातात घेऊन सांगता येणे याला पिढी लागते.

ब्राझीलच्या अकीकात आणखी एक गुण होता. त्याचे थर सरळ, एकसारखे आणि रंगाने बहुतेक करडे. दिसायला स्थानिक दगडापेक्षा फिका. मग त्याला मागणी का आली? इथे मधाचे भांडे येते.

अकीक दिसतो घट्ट, पण तो अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो आणि त्या तंतूंमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यात द्रव शिरतो. प्राचीन काळापासून हे लोकांना माहीत होते, रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथातही दगड मधात उकळण्याचा उल्लेख आहे. इडारच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे तंत्र हस्तगत केले. दगड मधाच्या किंवा साखरेच्या कोमट पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवायचा, मग तो सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तापवायचा. ॲसिड आत शिरलेल्या साखरेचा कोळसा करते आणि जो थर द्रव पितो तो काळाभोर होतो. जो पीत नाही तो पांढरा राहतो. झाला काळा-पांढरा ऑनिक्स, आणि पांढऱ्या थरात चेहरा कोरून काळी पार्श्वभूमी सोडली की झाला कॅमिओ. लोहाचे क्षार आत घालून तापवले की लाल रंग येतो, क्रोमियमच्या क्षारांनी हिरवा, आणि लोहाच्या दोन वेगवेगळ्या क्षारांची आतल्या आत प्रक्रिया घडवली की निळा, तोच प्रशियन निळा जो रंगाऱ्यांना ओळखीचा आहे. ही सगळी कृती त्या काळी घराघरांत गुपित म्हणून सांभाळली जायची.

मी हे स्वतः करून पाहिले आहे. धंद्यात नवा असताना मला वाटायचे, अकीक म्हणजे अकीक. गोदावरीच्या पात्रातले गोटे कापून आणि ब्राझीलच्या चकत्या घेऊन दोन्ही एकाच भांड्यात साखरेच्या पाकात तीन आठवडे ठेवले. ॲसिडमधून काढल्यावर ब्राझीलच्या चकत्यांवर आखल्यासारखे काळे-पांढरे पट्टे आले. गोट्यांवर डाग पडले, कुठे काळपट, कुठे मातकट, आणि बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. एका ज्येष्ठ कारागिराने नंतर दाखवून दिले की आपल्या गोट्यांतले थर वाकडेतिकडे आणि मधे मधे स्फटिकाचे. स्फटिक काही पीत नाही. त्या दिवशी मला इडारचे कोडे सुटले. ब्राझीलचा फिका दगड त्यांना चालला, कारण रंग आता गावात तयार होणार होता. स्थानिक दगडाचा नैसर्गिक रंग ही त्यांची गरज उरलीच नाही. (कोणी हे वाचून घरी ॲसिड तापवू नये. योग्य हवेशीर जागा, संरक्षक साधने आणि शिकवणारा माणूस असल्याशिवाय हे काम जिवावर बेतू शकते. आणि रंगवलेला दगड विकताना तो रंगवलेला आहे हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवे, याबाबत माझे मत पक्के आहे.)

इथपर्यंतचे एका दमात सांगायचे तर: स्थानिक दगडाने गावात कारागीर आणि व्यापारी जमवले, ओढ्याने त्यांना ताकद दिली. दगड संपला तेव्हा बाहेर गेलेल्यांनी दगड पाठवला, आणि रंगाच्या ज्ञानाने त्या दगडाची किंमत वाढवली. दगडाची जागा दुसऱ्या दगडाने घेतली, पण हात तेच राहिले.

पुढे हाच नमुना परत परत दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शंभराहून जास्त घासणीचे कारखाने या ओढ्यांवर चालत होते. १८६० मध्ये नाहे खोऱ्यातून रेल्वे आली आणि जड दगडांची ने-आण सोपी झाली. कामाची वाटणीही झाली होती. इडारमध्ये दगड कापणारे आणि दगडांचे व्यापारी, ओबरस्टाइनमध्ये धातूकाम, साखळ्या, कोंदणे, स्वस्त दागिने. ही दोन वेगळी गावे होती. १९३३ मध्ये तिफेनस्टाइन आणि आल्गेनरोट यांच्यासह ती एक केली गेली. एका गावचा खडा, दुसऱ्या गावचे कोंदण, मध्ये चालत जाण्याइतके अंतर. ज्यांनी झवेरी बाजारात एका गल्लीतून पॉलिशवाला, दुसऱ्या गल्लीतून जडाईवाला गाठला आहे त्यांना या जवळिकीची किंमत कळेल. मला एखादा खडा फुटला तर दहा मिनिटांत तीन जणांचा सल्ला मिळतो. एकट्या कारागिराला एखाद्या खेड्यात हे मिळत नाही, मग तो कितीही हुशार असो.

ब्राझीलशी वाट एकदा रुळल्यावर त्याच वाटेने अमेथिस्ट, सिट्रिन, टुरमलिन, ॲक्वामरिन येऊ लागले. अकीक घासणारा हात पारदर्शक खड्याला पैलू पाडायला शिकला. हे वाटते तितके सोपे नाही. अकीकात आकार आणि जिल्हई (चकाकी) महत्त्वाची, पारदर्शक खड्यात कोन महत्त्वाचा. क्वार्ट्झच्या खड्याचा खालचा कोन दोन अंशांनी चुकला तर प्रकाश मागून निघून जातो आणि खड्याच्या मध्यभागी खिडकीसारखे फिके भोक दिसते. मोठ्या चाकावर अंगाचा भार टाकणाऱ्या माणसाला लहान आडव्या चकतीवर, लाखेने काडीला चिकटवलेला खडा अंशाच्या हिशोबाने धरायचा होता. म्हणून हे काम बहुतेक दुसऱ्या पिढीने घेतले. १८८० च्या दशकात हिरे कापण्याचेही काम आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज आली, कृत्रिम घर्षकांची चाके आली, आणि ओढ्याची गरज संपली. कारखाने ओढ्याकाठून उठून घरांच्या मागच्या खोल्यांत गेले. ज्या पाण्याने गाव उभे केले ते पाणीही गावाने सोडून दिले, आणि तरी काम तिथेच राहिले.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुना बारीक वाटायला जो अकीकाचा खल असतो, तसे खल, तराजूच्या काट्याखालच्या अकीकाच्या धारा, सोन्याच्या वर्खाला जिल्हई देण्याची हत्यारे, हेही इडारने बनवले. अंगठीचा बाजार पडला की अशा कामावर चार महिने निघतात. माझ्याही कारखान्यात मंदीच्या दिवसांत घड्याळाच्या काचा आणि यंत्राचे भाग घासून पोट भरले आहे, म्हणून मला हा भाग फार जवळचा वाटतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, आपल्याकडे असे गाव का नाही. माझे उत्तर असे की आहे, आणि इडारपेक्षा कितीतरी जुने आहे. खंबायत. गुजरातेत रतनपूरजवळ, नर्मदेच्या खोऱ्यात निघणारा अकीक दख्खनच्या पाषाणातूनच सुटून आलेला आहे. तो मातीच्या भांड्यात घालून शेणी-भुशाच्या मंद आचेवर भाजतात, म्हणजे आतल्या लोहामुळे तो लाल होतो. मग खंबायतचे कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याला आकार देतात. त्याच प्रदेशात लोथलला हडप्पा काळातला मणी बनवण्याचा कारखाना सापडला आहे. खाण एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी, हे इथेही तसेच, कारण खंबायत बंदर होते आणि मणी अरबस्तानात व आफ्रिकेत जायचे.

आणि इथे दोन्ही गावांची गाठ पडते. एकोणिसाव्या शतकात इडारने आफ्रिकेच्या बाजारासाठी अकीकाचे मणी आणि ताईत मोठ्या प्रमाणावर केले. त्यातले कितीतरी आकार खंबायतच्या मालाची नक्कल होते, कारण आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाला तेच आकार हवे होते. पाण्याच्या चाकावर ते झपाट्याने आणि एकसारखे होत. खंबायतचा कारागीर हाताने कामठी (धनुष्यासारखी काठी) ओढून मणी घासत होता. जर्मन माणूस अधिक कुशल होता असे मी म्हणणार नाही. शिंगाच्या हातोडीने टवके काढणाऱ्या खंबायतच्या हाताइतका नेमका हात मी इडारमध्ये पाहिलेला नाही. फरक होता तो चाकामागच्या ताकदीचा, भांडवलाचा आणि वसाहतींच्या व्यापाराचा. खंबायतमध्ये कोरड्या घासणीने सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) झालेल्या कारागिरांची दुःखे आजही संपलेली नाहीत, आणि हे सांगताना मला वाईट वाटते, कारण पाणी आणि धूळ ओढणारा पंखा एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इडारबद्दल लांबण लावत नाही. साधे, स्वस्त खडे कापण्याचे काम हळूहळू आशियात गेले. जयपूर, थायलंड, श्रीलंका, चीन. इडारच्या मजुरीत ते परवडणारे नव्हते. गावाने वरच्या टोकाचे काम धरून ठेवले: दुर्मीळ मोठे खडे, कोरीव काम, जुन्या खड्यांची दुरुस्ती. १९३२ पासून जर्मन रत्नशास्त्र संस्था तिथेच आहे. १९७४ मध्ये हिरे आणि रंगीत खडे यांचा एकत्र बाजार तिथे सुरू झाला, या प्रकारचा जगातला पहिला. दागिने आणि रत्नांच्या कलाशिक्षणाचा विद्यापीठ विभाग गावात आहे. म्हणजे शिकवणे, तपासणे आणि विकणे हे तिन्ही त्यांनी गावाबाहेर जाऊ दिले नाही.

या काळातला एक माणूस मात्र सांगायलाच हवा. बेर्न्ड मुनस्टाइनर, इडारजवळच्याच श्टिप्सहाउझेनचे, २०२४ मध्ये वारले. आम्ही सगळे खड्याच्या पृष्ठभागावर सपाट पैलू पाडतो आणि घट कमीत कमी व्हावी म्हणून जीव टाकतो. यांनी खड्याच्या मागच्या बाजूने आत खोल चिरा आणि खळगे कापायला सुरुवात केली, म्हणजे प्रकाश खड्याच्या पोटात मोडतो. वजन जाते, पण समोरून बघताना दगडाच्या आत एक वास्तू उभी आहे असे वाटते. त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कापलेला 'डोम पेद्रो' हा ब्राझीलचा ॲक्वामरिन १०,३६३ कॅरटचा, म्हणजे दोन किलोहून जड आणि सुमारे ३५ सेंटिमीटर उंच आहे, आणि तो आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. खळगा पाडताना चिरा किती खोल न्यायचा हे एकदा चुकले की परत फिरता येत नाही. मी ॲमेथिस्टवर असा प्रयत्न करून दोन खडे घालवले, तिसरा बरा झाला. दगड ब्राझीलचा, हात हुन्सरूकचा. १८३४ ची वाट अजून चालू होती.

शेवटी तुमच्या गारगोट्यांबद्दल. उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि दगड न बघता मी आशा दाखवणार नाही. आपल्या भागातून निघणारी झिओलाइट, अपोफिलाइट ही खनिजे आणि स्फटिकांचे झुबके हे न कापता, आहेत तसेच मौल्यवान असतात. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय तुमच्या जवळच आहे, ते आधी बघून या. असा झुबका कापला तर त्याची किंमत संपते. अकीक निघत असेल तर गोटा किती मोठा, थर सरळ की वाकडे, मधे पोकळी किती, यावर सगळे ठरते. विहिरीत सुरुंग लावलेला असेल तर बहुतेक दगडांत केसासारखे तडे जातात, वरून दिसत नाहीत आणि चाकावर फुटतात. आणि स्वतःच्या विहिरीतले चार गोटे ठेवणे वेगळे, व्यापारासाठी खोदणे वेगळे. त्याआधी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे चौकशी करा.

तरुण असाल आणि या कामात यायचे असेल तर गावात कारखाना काढण्याआधी दोन-तीन वर्षे जयपूर, खंबायत किंवा मुंबईत एखाद्या चांगल्या कारागिराजवळ बसा. मग घरचा दगड हातात घ्या. आज मात्र एवढे करा: पाच-सहा गोटे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी फडक्याने पुसा आणि उन्हात धरून सुकताना बघत राहा. पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही जिथे ओली रेघ रेंगाळते, तिथे तडा आहे. ते बाजूला काढा. जे उरतील त्यांतला एक मधोमध कापून घ्या, कापताना पाणी सोडलेलेच असू द्या, आणि कापलेल्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो इथे टाका. थर कसे आहेत ते पाहून पुढचे सांगतो.